आधीच ठरवून सिझर केलं असतं तर?

माझ्या दोन्ही वहिन्यांची सिझर झाली, दीड वर्षाच्या अंतरानं. मोठीचं बाळ पायाळू होतं. तारीख आधीच ठरलेली. सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात गेली, दहाच्या सुमारास बाळ बाहेर आलं, चौथ्या दिवशी घरी. धाकटीला पहाटे कळा सुरू झाल्या. दिवसभर तिनं त्या सोसल्या आणि रात्री नऊला नर्स बाहेर येऊन म्हणाली, "ठोके कमी होतायत, इथे सही करा." पुढचा अर्धा तास आमच्यापैकी कुणीही बाकावर टेकलं नाही. बाळाला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आता दोन्ही पोरं अंगणात मातीत लोळतात, पण आई अजूनही म्हणते, "हिचंही आधीच ठरवून केलं असतं, तर एवढं झालं नसतं."

हे वाक्य मी आमच्या घराबाहेरही पुष्कळ ऐकलंय. सिझरच्या आकड्यांची बातमी आली की तर हमखास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात दर १०० बाळंतपणांमागे २१.५ सिझर निघाली. आधीच्या फेरीत हा आकडा १७.२ होता. महाराष्ट्रात तो पंचविसाच्या वर, गोव्यात ३९.५, तेलंगणात तर ६०.७. म्हणजे जवळपास प्रत्येक घरात कुणाचं तरी सिझर झालंय, आणि कुणाचं 'ठरवून' तर कुणाचं 'धावपळीत' झालं याची तुलनाही होतेच. ती तुलना नीट कशी करायची, एवढंच इथे सांगायचंय. कारण ती चुकली की एक बाई उगाच स्वतःला दोष देत बसते आणि दुसरी उगाच टेबलावर जाते.

फाइलवरचे दोन शब्द

पोट आणि गर्भपिशवी उघडून बाळ बाहेर काढणं म्हणजे सिझर. डिस्चार्ज कार्डावर त्याच्या पुढे-मागे दोनपैकी एक शब्द असतो: 'इलेक्टिव्ह' म्हणजे आधी दिवस ठरवून केलेलं, आणि 'इमर्जन्सी' म्हणजे न ठरवता, वेळ आल्यावर केलेलं. सोबत 'एलएससीएस' अशी अक्षरं असतात. पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर छेद घेतला, एवढाच त्यांचा अर्थ. तो भाग चांगला भरून येतो, म्हणून आजकाल बहुतेक सिझर तिथूनच होतात.

'इमर्जन्सी' म्हटलं की डोळ्यांसमोर स्ट्रेचर ढकलत पळणारी माणसं येतात. दर वेळी तसं नसतं. ब्रिटनमध्ये सिझरच्या घाईप्रमाणे चार पायऱ्या करतात. पहिलीत आई किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका असतो. निर्णय झाल्यापासून शक्यतो ३० मिनिटांत बाळ बाहेर हवं. दुसरीत त्रास आहे, पण जिवावर बेतलेलं नाही. तिथे ७५ मिनिटांची मुदत धरतात. तिसरीत दोघंही ठीक असतात, पण थांबण्यात अर्थ नसतो. चौथी म्हणजे निवांत, सोयीच्या दिवशी केलेलं.

आता समजा, एकीला गुरुवारची तारीख दिलीय आणि मंगळवारीच तिचं पाणी गेलं. त्याच दिवशी शांतपणे, गप्पा मारत तिचं सिझर झालं. कागदावर तेही 'इमर्जन्सी'च. आणि वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, अचानक सुटून धो धो रक्त जाणाऱ्या बाईचंही 'इमर्जन्सी'च. एकाच शब्दात इतकी वेगवेगळी माणसं कोंबलेली असतात, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आईचं म्हणणं कुठे बरोबर आहे

दोन ढीग करून नुसती तुलना केली, तर ठरवून केलेल्या सिझरचे निकाल बरे दिसतात. तातडीच्या सिझरमध्ये रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आजूबाजूच्या अवयवांना इजा आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं, हे सगळं जास्त आढळतं. यात खोटं काही नाही, आणि कारणंही समजण्यासारखी आहेत.

तासन्‌तास आकुंचन पावून पिशवी दमलेली असते. दमलेला स्नायू बाळंतपणानंतर घट्ट आवळत नाही आणि रक्त जात राहतं. पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल, अनेकदा आतून तपासणी झाली असेल, तर योनीमार्गातले जंतू वर चढायला वाट मिळते. पिशवीचं तोंड पूर्ण उघडून बाळाचं डोकं खाली कटीच्या हाडांत रुतून बसलेलं असेल, तर ते वर काढताना छेद बाजूला फाटू शकतो. आणि पोट रिकामं नसतं. "अंगात ताकद राहू दे" म्हणून दुपारी मायेनं भरवलेला शिरा, पूर्ण भूल द्यायची वेळ आली की भूलतज्ज्ञाला धास्ती घालतो, कारण बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ठरलेल्या सिझरला सहा तास उपाशी ठेवतात ते यासाठीच. कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करायलाही शांतपणे दोन-चार मिनिटं लागतात. तातडीत तेवढी मिळतातच असं नाही.

तेव्हा कळांच्या ऐन मध्यावर केलेली शस्त्रक्रिया अधिक अवघड असते, हे खरं. आईच्या वाक्याचा हा अर्धा भाग मला मान्य आहे.

आणि कुठे चुकतं: कौलांची गोष्ट

कोकणात आमच्याकडे मे महिन्यात घराची शाकारणी करतात. कोरड्या कौलांवर, उन्हात, चांगला गडी बघून. ज्याचं राहून जातं आणि ज्याचं घर गळायला लागतं, त्याला भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर चढावं लागतं. पाय घसरायची भीती मेपेक्षा जुलैत जास्तच. इथवर आईचं बरोबर.

पण जुलैत चढलेल्याच्या घरातलं भात भिजलेलं असतं. ते कशामुळे भिजलं? वर चढल्यामुळे नाही. ते आधीच भिजलं होतं, म्हणून तर तो चढला. तातडीच्या सिझरमध्ये बाळांचा त्रास जास्त दिसतो त्यातला मोठा हिस्सा हाच. बाळाचे ठोके आधी घसरतात, सुरी मागून येते. आमच्या धाकटीच्या बाळानं पोटातच शी केली होती, पाणी हिरवं झालं होतं आणि ते त्याच्या श्वासात गेलं होतं. तो पेटीत होता तो त्यामुळे. सिझरनं त्याला आजारी पाडलं नाही, आजारातून लवकर बाहेर काढलं. ठरवून केलेल्या ढिगात मात्र बरीच बाळं मुळात ठणठणीत असतात. फक्त आडवी-उलटी असतात, किंवा आईचं आधीचं सिझर असतं.

आता तिसरी गोष्ट. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि नेमकी हीच सुटते. गावात अशीही घरं असतात, ज्यांची कौलं मेमध्ये कुणी परतली नाहीत आणि जुलैत गळलीही नाहीत. मेवाले आणि जुलैवाले या दोघांचीच तुलना केलीत, तर ही घरं हिशेबातच येत नाहीत. ज्या बायकांनी कळांची वाट पाहिली आणि ज्यांचं बाळंतपण नैसर्गिकरीत्या पार पडलं, त्या या 'ठरवून विरुद्ध तातडीचं' तुलनेत कुठेच नसतात. त्या ना या ढिगात, ना त्या.

नवव्या महिन्यात बसलेल्या बाईपुढे "ठरवून सिझर की तातडीचं सिझर" असा पर्याय कधी नसतोच. तातडीचं सिझर कुणी निवडत नाही. तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो: ठरवून सिझर करू, की कळांची वाट पाहू? वाट पाहण्यात बहुतेकींची सुटका होते, काहींना तातडीच्या सिझरकडे जावं लागतं. तुलना करायची तर या सगळ्यांना एकत्र एका पारड्यात घालून करायला हवी.

मग खरी तुलना कुणी केलीय का?

केलीय. पायाळू बाळांसाठीचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २६ देशांतल्या १२१ रुग्णालयांत २,०८८ बायकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला ठरवून सिझर, दुसऱ्या गटात योनीमार्गे बाळंतपणाचा प्रयत्न. दुसऱ्या गटातल्या जवळजवळ ४३ टक्के बायकांचं शेवटी सिझरच झालं. पण संशोधकांनी त्यांना त्यांच्याच गटात मोजलं, सिझरच्या ढिगात उचलून टाकलं नाही. आधी सांगितलेली तिन्ही प्रकारची घरं एका हिशेबात आली ती अशी.

निकाल काय लागला? बाळ दगावणं किंवा गंभीर आजारी पडणं हे ठरवून सिझरच्या गटात १.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ५ टक्के. फरक ठळक होता आणि त्यानंतर जगभर पायाळू बाळांची बाळंतपणं झपाट्यानं सिझरकडे वळली. आमच्या मोठ्या वहिनीची तारीख ठरली त्यामागेही हाच अभ्यास असणार. मात्र त्यातल्या काही मुलांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा मृत्यू आणि वाढीतला मागासपणा एकत्र धरून दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ही दुसरी बातमी पहिलीइतकी पसरली नाही, याची मला फार खंत वाटते.

जुळ्यांवरचा तसाच मोठा अभ्यास २०१३ साली आला. पहिलं बाळ डोक्याकडून खाली असलेल्या सुमारे २,८०० बायका. बाळांचा त्रास ठरवून सिझरमध्ये २.२ टक्के, प्रयत्नाच्या गटात १.९ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. तेव्हा उत्तर बाळ कसं आहे, आई कोण आहे, यावर ठरतं. सगळ्यांसाठी एकच उत्तर कुणी देत असेल, तर त्यानं नीट मोजलेलं नाही.

"तरी कळा, धावपळ नको. सरळ तारीख घेऊ"

यावरही बोलू, कारण ठरवून केलेल्या सिझरचंही बिल असतं. फक्त ते वेगळ्या दिवशी येतं.

पहिला हप्ता बाळ भरतं. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात असे बदल होतात की ते पाणी शोषलं जायला लागतं. एकही कळ न येता बाहेर काढलेल्या बाळाला ही तयारी करायला मिळत नाही, म्हणून काहींना जन्मानंतर धाप लागते. लवकर काढलं तर जास्त. अमेरिकेत आधीचं सिझर असलेल्या आणि पुन्हा ठरवून सिझर झालेल्या १३ हजारांवर बायकांचा अभ्यास २००९ साली आला. ३७व्या आठवड्यात काढलेल्या बाळांपैकी १५.३ टक्क्यांना श्वास, संसर्ग, रक्तातली साखर अशा काही ना काही तक्रारी झाल्या. ३८व्यात ११ टक्क्यांना. ३९व्यात ८ टक्क्यांना. म्हणून दुसरं काही कारण नसेल तर ३९ आठवडे भरू द्यावेत असं डॉक्टर सांगतात.

इथे आपल्याकडच्या एका गोष्टीविषयी कळकळीनं लिहिते. मुहूर्त. चांगली पत्रिका मिळावी म्हणून तारीख आणि घटकाही काढून डॉक्टरांकडे जाणारी घरं आहेत. ३९ आठवड्यांनंतरचे दोन दिवस डॉक्टरांनी दिले आणि त्यातला एक तुम्ही निवडलात, तर कुणाचं काही बिघडत नाही. पण अमावास्या टाळायला किंवा नक्षत्र गाठायला बाळाला दहा दिवस आधी ओढून काढू नका. वरचे आकडे त्या दहा दिवसांचेच आहेत.

दुसरा हप्ता आई भरते, पुढच्या बाळंतपणात. पिशवीवर व्रण राहतो. पुढची वार खाली, त्या व्रणावर रुजली, तर ती भिंतीत इतकी घुसू शकते की सुटतच नाही, आणि रक्त थांबवायला कधी पिशवीच काढावी लागते. अमेरिकेतल्या ३० हजार बायकांच्या २००६ सालच्या अभ्यासात वार खाली असताना ती अशी रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४० आणि चौथ्याला ६१ टक्के होतं. लक्षात घ्या, ही सगळी सिझर कळा न येता केलेली होती. व्रण शांतपणे झालेला असला, तरी हा धोका राहतोच. एकच मूल हवं असलेल्या बाईसाठी हा आकडा जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. तीन मुलं हवी असणारीसाठी सगळ्यात महत्त्वाचा.

"एवढ्या कळा सोसून शेवटी सिझरच. मग कळा वाया गेल्या?"

हा प्रश्न धाकट्या वहिनीनं मला टाके ओले असताना विचारला होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही.

नाही, वाया गेल्या नाहीत. त्या कळांनी बाळाची फुप्फुसं बाहेरच्या हवेसाठी तयार केली. पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करायचा झाला, तर आधी पिशवीचं तोंड बरंच उघडलं होतं ही जमेची बाजू धरतात. आणि मुख्य म्हणजे त्या रात्री नऊला काय होणार, हे सकाळी सात वाजता कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याबरोबर त्या दिवशी कळा घेणाऱ्या इतर बायका सुखरूप मोकळ्या झाल्या. त्यांना सकाळी कुणी सिझर सुचवलं असतं, तर ते चुकीचं ठरलं असतं. निकाल माहीत झाल्यावर निर्णयाला नावं ठेवणं सोपं असतं.

एक गोष्ट मात्र खरी. अचानक झालेल्या सिझरनंतर मनाला लागलेला धक्का बऱ्याचदा जास्त खोल असतो. त्या रात्रीची स्वप्नं पडणं, दवाखान्याच्या वासानं छातीत धडधडणं, बाळाकडे पाहून आनंद न होणं, हे होतं. "बाळ चांगलं आहे ना, मग रडतेस कशाला" एवढं बोलून ते संपत नाही. नक्की काय झालं, का झालं, हे डॉक्टरांनी नंतर दहा मिनिटं बसून समजावलं तर फार मोठा आधार होतो. तेवढा वेळ मागण्याचा तिला हक्क आहे.

तातडीचं सिझर किती धोक्याचं? टेबल किती दूर आहे त्यावर

आमच्या धाकटीचं टेबल वीस पावलांवर होतं. भूलतज्ज्ञ इमारतीत होते. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या बाईला हेच झालं असतं तर? आधी फोन, मग १०८ची गाडी, मग ओढा उतरण्याची वाट, मग ग्रामीण रुग्णालय. तिथे भूलतज्ज्ञ नसले, तर पुढे जिल्ह्याला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या २९ लाखांवर सिझरचा एकत्रित अभ्यास २०१९ साली आला. त्यात दर १,००० सिझरमागे सुमारे ७.६ माता दगावल्याचं दिसलं, सर्वांत जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. श्रीमंत देशांत हे प्रमाण याच्या कितीतरी खाली आहे. छेद तोच असतो. फरक पडतो तो पोहोचायला लागलेल्या वेळाचा, रक्ताच्या पिशव्यांचा आणि अनुभवी हातांचा.

म्हणून दुर्गम भागातल्या जोखमीच्या गरोदरपणात 'ठरवून' या शब्दाला शहरापेक्षा जास्त वजन आहे. ठरवून म्हणजे सिझरच असं नाही, ठरवून जवळ येऊन राहणंही. आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' बांधलीत ती यासाठीच: दिवस भरत आले की तिथे येऊन राहायचं, कळा आल्या की पावलांच्या अंतरावर मदत.

"पण खाजगीत पैशासाठीच करतात ना?"

सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के सिझर निघाली. एवढ्या मोठ्या दरीला "जोखमीच्या बायका खाजगीत जातात" हे एकटं कारण पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की एखाद्या समाजात सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर माता-बालमृत्यू आणखी कमी झाल्याचं दिसत नाही. पण यावरून तुमच्या लेकीचं सिझर गरजेचं होतं की नव्हतं हे कळत नाही. तो आकडा समाजासाठी आहे, एका बाईसाठी नाही. आणि दर वाढला म्हणून रात्री नऊला सही करायला आढेवेढे घेणं तर जिवावर बेतू शकतं. प्रश्न विचारायची वेळ सातव्या-आठव्या महिन्यात असते: माझ्यासाठी सिझर का सुचवताय? थांबलं तर काय होईल? रात्री वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतील, रक्त कुठून येईल?

पुढच्या वेळी काय?

"एकदा सिझर म्हणजे नेहमी सिझर" असं नाही. अमेरिकेत आधीच्या सिझरनंतर नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न केलेल्या सुमारे १८ हजार बायकांच्या २००४ सालच्या अभ्यासात जवळजवळ तीन चतुर्थांश यशस्वी झाल्या. पिशवीचा जुना व्रण फाटण्याचं प्रमाण ०.७ टक्के, म्हणजे हजारात सात. थोडं, पण झालं तर तेही तातडीचंच काम, म्हणून असा प्रयत्न चोवीस तास टेबल तयार असलेल्या ठिकाणीच करायचा.

तो निर्णय घेताना नव्या डॉक्टरांना तीन गोष्टी हव्या असतात: सिझर कशासाठी केलं, तोंड किती उघडलं होतं, छेद कुठे घेतला. तिन्ही डिस्चार्ज कार्डावर असायला हव्यात. घरी जाण्याआधी बघा, नसतील तर लिहून मागा. गेल्या महिन्यात धाकटीनं तिचं कार्ड कपाटातून काढलं. आम्ही दोघी ओट्यावर बसून एकेक अक्षर लावत होतो. "बाळाचे ठोके मंदावले, पाणी हिरवं, तोंड ८ सेंमी, छेद खालच्या भागावर आडवा." तिनं ते दोनदा वाचलं. मग आईला हाक मारून म्हणाली, "आई, इथे बसा जरा. त्या रात्री काय झालं होतं ते लिहिलंय यात."